सामायिक विहिरीचा गाळ

डहाणू रोडला आमच्या जुन्या घरामागे सात-आठ घरांची मिळून एक विहीर होती. पाणी सगळ्यांनी भरावे आणि वैशाखात तळ दिसू लागला की कोणी तरी आत उतरून गाळ काढावा, अशी तिची रीत. कोणी तरी म्हणजे कोणी, हे मात्र कधी ठरलेच नव्हते. दरवर्षी उतरायचे ते शेजारचे एक काका. रेल्वेत नोकरीला होते, सुटीच्या दिवशी दोर बांधून खाली जायचे. एका वर्षी त्यांची कंबर धरली आणि ते उतरले नाहीत. मग दुसरेही कोणी उतरले नाही. पाण्याला वास येऊ लागला तेव्हा सगळी आळी त्यांच्याच दाराशी जमली. "काका, यंदा विहिरीचं काय?" त्या गर्दीत कळशी घेऊन मीही होतो. दहा-अकरा वर्षांचा असेन. त्यात काही चुकते आहे असे मला त्या वेळी मुळीच वाटले नाही.

पुढे पन्नास वर्षांनी लोक माझ्या दाराशी येऊ लागले तेव्हा ते काका आठवले. माझी विहीर पाण्याची नव्हे, संगणकातली आहे. आणि तिच्या गाळाविषयी आज आपल्याशी थोडे बोलायचे आहे. शेतकरी मंडळींनी, हा विषय मास्तर लोकांचा आहे असे समजून उठून जाऊ नये. ट्रॅक्टर ज्याने पाहिला आहे त्याला यातले सगळे कळेल.

ट्रॅक्टर एकच असतो. त्याच्या मागे कधी नांगर जोडतात, कधी रोटाव्हेटर, कधी ट्रॉली. ट्रॅक्टर मोठ्या कारखान्यात तयार होतो. मागचे अवजार पुष्कळदा तालुक्याच्या गावचा वेल्डिंगवाला करून देतो. संगणकातही तसेच आहे. पत्रे, प्रश्नपत्रिका, हजेरीचे तक्ते करण्याचा मोठा प्रोग्राम हा ट्रॅक्टर. त्याला जे काम मुळात येत नाही तेवढे करण्यासाठी मागून जोडायचे लहान अवजार म्हणजे प्लगइन. आता कारखान्याने नव्या ट्रॅक्टरचा हूक बदलला, तर जुना नांगर त्याला लागत नाही. कारखानदार काही तुमच्या वेल्डिंगवाल्याला विचारून हूक बदलत नाही. वेल्डिंगवाल्याने पुन्हा बसायचे, कापायचे, जोडायचे. तो पैसे घेतो म्हणून बसतो. पण त्याने नांगर गावाला फुकट दिलेला असेल तर?

संगणकाच्या जगात अशा फुकट दिलेल्या अवजारांचा मोठा साठा आहे. त्यांना मुक्त प्रणाली म्हणतात. मुक्त म्हणजे नुसती बिनपैशाची नव्हे. तिची कृती उघडी असते. कोणीही ती वाचावी, दुरुस्त करावी, दुरुस्त केलेली शेजाऱ्याला द्यावी. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ह्या चळवळीची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांपुढे ठेवला. तुमच्या खिशात अँड्रॉइड मोबाइल असेल तर त्याच्या बुडाशी तोच लिनक्स आहे. ही गोष्ट फार मोठी आहे, आणि तिचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मी आज कौतुकाला बसलेलो नाही.

माझ्या अवजाराची हकीकत अशी. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवीत असे. २०११ साली आमच्या शाळेत नवा संगणक आला आणि जुन्यातल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यावर उघडेनात. म्हणजे उघडत, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस यांची खिचडी दिसे. शिक्षक श्रोत्यांनी ही खिचडी पाहिलेली आहेच. कारण असे की पूर्वी संगणकाला मराठी अक्षर ठाऊक नव्हते. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवायचे, अशी युक्ती होती. तो फॉन्ट संगणकात असला तर मराठी दिसायचे. नसला तर खिचडी. आणि प्रत्येक फॉन्टची खिचडी निराळी. पुढे युनिकोड आला आणि प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. डहाणूचा 'क' आणि टोकियोतला 'क' आता एकच.

तेव्हा जुने लेखन युनिकोडात आणायचे होते. मला वाटले, एक तक्ता करावा, ह्या चिन्हाच्या जागी ते अक्षर, एका रविवारचे काम. पण पहिल्याच ओळीत ऱ्हस्व वेलांटी आडवी आली. जुन्या फॉन्टात आपण टाइपरायटरप्रमाणे वेलांटी आधी मारतो, अक्षर मागून. युनिकोडात अक्षर आधी आणि वेलांटी नंतर. म्हणजे 'स्थिती' ह्या शब्दात पहिली वेलांटी उचलून अख्ख्या जोडाक्षरापलीकडे नेऊन ठेवावी लागते. रफाराचे नेमके उलटे. 'वर्षा' लिहिताना तो शेवटी मारलेला असतो. त्याला मागे ओढून 'ष'च्या आधी बसवायचे. रविवारचे काम चार महिने चालले. लिब्रेऑफिस नावाचा जो मुक्त प्रोग्राम आहे, २०१० साली सुरू झालेला, त्याला जोडायचे अवजार मी पायथन ह्या संगणकभाषेत तयार केले, आणि कोणीही घ्यावे म्हणून इंटरनेटवर ठेवून दिले. बरोबर नेहमीचे कलमही लिहिले की हे जसे आहे तसे दिले आहे, कसलीही हमी नाही. ते कलम आजवर कोणी वाचले असेल असे वाटत नाही.

पहिले पत्र चंद्रपूरकडच्या एका शिक्षिकेचे आले. त्यांच्या वडिलांनी लिहिलेल्या लोककथा जुन्या फॉन्टात अडकल्या होत्या, त्या सुटल्या. ते पत्र मी घरात दोनदा वाचून दाखवले. हा आनंद खोटा नव्हता, हे मुद्दाम सांगून ठेवतो. कारण पुढचे सगळे ऐकल्यावर, मग मास्तरांनी हा उपद्व्याप केलाच कशाला, असे आपल्याला वाटेल.

फेब्रुवारी २०१३ मध्ये लिब्रेऑफिसची चौथी आवृत्ती आली आणि तिने पायथनची नवी पिढी स्वीकारली. जुन्या पायथनमध्ये देवनागरी अक्षर हाताळण्याची जी रीत होती ती नव्यात बदलली होती. हूक बदलला! माझे अवजार एका दिवसात निकामी झाले. मी काही मोडले नव्हते, कशाला हातही लावला नव्हता. दिवस परीक्षेचे. दिवसा शाळेत पर्यवेक्षण आणि रात्री हे वेल्डिंग. त्याच वर्षी लोकलगाडी डहाणूपर्यंत आली होती. विरारला काही कामाला जायचे झाले तर मांडीवर संगणक घेऊन मी गाडीत बसे. शेजारच्या चिकूच्या करंड्यांवर वही ठेवून केलेल्या दुरुस्त्या आजही त्या अवजारात आहेत.

मग मागण्या येऊ लागल्या. एकाला अमुक फॉन्ट हवा, दुसऱ्याला तमुक. १ ऑगस्ट २०१४ रोजी आमचा तालुका ठाणे जिल्ह्यातून नव्या पालघर जिल्ह्यात गेला. तेव्हा एका गृहस्थांचे पत्र आले की तुमच्या प्लगइनने सगळ्या जुन्या कागदांत 'जि. ठाणे'चे 'जि. पालघर' आपोआप करून द्यावे. मी लिहिले की हे त्याचे काम नव्हे. त्यांचे उत्तर आले, "इतकं केलंत, तर एवढ्यानं काय होतंय?"

ह्या वाक्यात सगळा भार आहे, श्रोते हो. एका माणसाला एवढ्याने काहीच होत नाही. पण विचारणारे शंभर आणि ऐकणारा एक, असा तो हिशेब असतो. विचारणाराला आपल्या मागे किती जण उभे आहेत ते दिसत नाही. कोणी वाईट नसतो. बहुतेक जण नम्र असतात. शिवाय अडलेले असतात. आणि अडलेल्या माणसाला नाही म्हणायचे नाही हे आपल्याला आईबापांनी शिकवलेले. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेत नातीला पाळण्यात बसवीत होतो, तेवढ्यात फोन. "सर, रफार पडतोय." पाळणा फिरला, नात वरून हात करत होती, आणि मी खाली उभा राहून लातूरच्या माणसाला कोणते बटण दाबायचे ते सांगत होतो. तिने विचारले, "आजोबा, तुम्ही पाह्यलं का मला?" मी हो म्हटले. ते खरे नव्हते.

घरात माझ्या प्लगइनला 'पोरगं' म्हणत. "तुमचं ते पोरगं कधी मोठं होणार?" असे पत्नी विचारी. पोरगे मोठे होण्याचे सोडा. २०२० साली टाळेबंदी झाली, शाळा मोबाइलवर आल्या, आणि शिक्षकांनी जुन्या फॉन्टातला अभ्यास पाठवला की पालकांच्या मोबाइलवर खिचडी दिसू लागली. त्या वर्षी जेवढी पत्रे आली तेवढी आधीच्या नऊ वर्षांत मिळून आली नसतील. मी तोवर निवृत्त झालो होतो. लोकांना वाटे, सरांना आता वेळच वेळ.

आता माझी चूक सांगतो. मराठीत 'र'ला 'य' जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. 'सूर्य', 'कार्य' ह्यांत रफार येतो. 'किनाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' ह्यांत डोक्यावर न जाता आडवा पडणारा र येतो. पुष्कळ टंकलेखकांना हा आडवा र सापडत नसे, म्हणून ते सरसकट 'किनार्यावर' असे रफार देऊन लिहीत. हे आपोआप सुधारून द्या, अशी मागणी वर्षभर चालली होती. जून २०२२ मध्ये एका रात्री, कंटाळून म्हणा, मी नियम घातला की 'र्य' दिसला की 'ऱ्य' करावा. दहा-बारा शब्दांवर पाहिले, बरोबर आले, प्रसिद्ध केले आणि झोपलो.

दुसऱ्या आठवड्यात एका शाळेने पटावरची नावे त्यातून काढली. आर्याची 'आऱ्या' झाली. सूर्यवंशी आडनावाचे 'सूऱ्यवंशी' झाले. ते कागद छापून, सही-शिक्के होऊन पालकांच्या हाती गेले. मला जे पत्र आले त्यात शिव्या नव्हत्या. एवढेच लिहिले होते की आपल्यावर विश्वास ठेवून आम्ही पुन्हा वाचून पाहिले नाही. मी तो नियम त्याच दिवशी काढून टाकला आणि पुढे तीन आठवडे पत्रपेटी उघडली नाही. उघडायला हात जात नव्हता. चाळीस वर्षे मुलांना ताळा करायला शिकवणारा मी, ताळा न करता मोकळा झालो होतो.

मागाहून कळले की नेमक्या त्याच महिन्यात फिनलंडमध्ये दुसरा एक माणूस ह्याच अवस्थेत होता. त्याचे नाव लासे कॉलिन. फायली दाबून लहान करण्याचे एक्सझेड नावाचे अवजार तो वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळीत आला होता. जगातल्या असंख्य संगणकांत ते अवजार असते आणि बहुतेकांना त्याचे नावही ठाऊक नसते. नव्या आवृत्तीला उशीर का, म्हणून काही जण त्याच्यामागे लागले होते. त्याने जून २०२२ मध्ये लिहिले की आपला रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे पूर्वीसारखे लक्ष पुरवणे होत नाही. आणि हे काम बिनपगारी छंदाचे आहे हेही लक्षात असू द्यावे. त्याच सुमारास 'जिआ टॅन' असे नाव लावणारी एक व्यक्ती मदतीला पुढे आली होती. मेहनती, नम्र, वेळेवर काम करणारी. हळूहळू चाव्या तिच्या हाती गेल्या. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या आवृत्त्यांत तिने चोरदरवाजा बसवला होता. त्यातून जगभरचे संगणक परक्याच्या हाती गेले असते. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने हे उघडकीस आणले. जिआ टॅन खरोखर कोण होता, की अनेक जण मिळून एक नाव होते, हे आजवर उघड झालेले नाही.

ही बातमी मी वाचली ती डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, काळा चष्मा लावून. आणि वाचता वाचता मला घाम फुटला. कारण त्याच जानेवारीत मलाही असेच एक पत्र आले होते. अनोळखी गृहस्थ, भाषा गोड. आपले कार्य मोठे आहे, आपण थकला असाल, अवजाराच्या चाव्या माझ्याकडे द्या, मी पुढे नेतो. मी होकाराचे उत्तर लिहूनही ठेवले होते. मोतीबिंदूची तारीख मध्ये आली म्हणून पाठवायचे राहिले. ते पाठवले असते तर? माझ्या अवजारातून शेकडो शाळांच्या नावांच्या याद्या जातात, पालकांचे नंबर जातात.

ते गृहस्थ लबाड होते असे मी म्हणत नाही. ते अगदी सज्जनही असतील, आणि माझ्यासारख्याला मदत करावी एवढाच त्यांचा हेतू असेल. मी त्यांना आजवर उत्तर दिलेले नाही. ही गोष्ट मला बोचते. जग असे झाले आहे की दोर धरायला आलेल्या माणसाचा हात आधी पारखावा लागतो, आणि पारखायला लागणारी ताकद तर थकल्यामुळे संपलेली असते.

कोणी म्हणेल, पैसे घ्यावेत. पैशाचा प्रश्न खोटा नाही. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणारे ओपनएसएसएल नावाचे मुक्त अवजार आहे. बँकांपासून दुकानांपर्यंत सारे त्यावर विसंबून. एप्रिल २०१४ मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाची मोठी चूक सापडली तेव्हा लोकांना समजले की ह्या अवजाराला वर्षाला देणग्या येत त्या सुमारे दोन हजार डॉलरच्या, आणि पूर्ण वेळ त्यावर काम करणारा माणूस एकच होता. मग धावाधाव होऊन मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. आपल्याकडेही झिरोधा ह्या कंपनीने २०२४ साली अशा कामांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. चांगलेच झाले. पण मला पैसा नको होता. मला निवृत्तिवेतन आहे, खर्च बेताचा आहे. मला रात्री फोन बंद करून झोपता यावे एवढेच हवे होते, आणि त्यासाठी दुसरा माणूस लागतो.

माणूस कसा तयार होतो, ह्याचे उदाहरण आमच्या तालुक्यातच आहे, आणि ते मला फार उशिरा आठवले. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आले. अनुताई वाघ सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात न्यावी, गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणात न्यावी, हे सगळे दोघींनी बरोबरीने केले. १९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत चालवले. तिथे एका सकाळी चाव्यांचा जुडगा देऊन मोकळे होण्याचा प्रकार झाला नाही. अठ्ठावीस वर्षे दोघी एकाच कामात होत्या. मी मात्र बारा वर्षांत एकालाही जवळ बसवून घेतले नव्हते. सगळे मीच करीत होतो, आणि खरे सांगायचे तर त्यात थोडा तोराही होता. 'सरांचं प्लगइन' असे कोणी म्हटले की बरे वाटे.

बदल झाला तो एका पत्राने. तलासरीकडची एक मुलगी, संगणकाचे शिक्षण घेतलेली. माझी विद्यार्थिनी नव्हे. माझा तिचा परिचय नव्हता. तिने मागणी केली नाही. 'र्य'च्या त्या जुन्या घोटाळ्यावर तिने तीन पाने लिहून पाठवली होती. एकीकडे सूर्य, धैर्य, मर्यादा, पर्यावरण असे रफाराचे शब्द. दुसरीकडे वाऱ्या, बिचाऱ्या, नोकऱ्या, तिसऱ्या असे आडव्या र चे. आणि खाली तिसरी यादी, दोन्ही तऱ्हांनी बरोबर असणाऱ्या शब्दांची. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना, आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. तिने लिहिले होते, "सर, शालेय पोषण आहाराच्या कागदात 'आचार्यांना मानधन' असेल तर यंत्राने काय समजावे? मला वाटते, त्याने समजूच नये. शब्दाला पिवळा रंग द्यावा आणि माणसाला विचारावे."

मी मोठ्याने हसलो. पत्नी आतून बाहेर आली. पुष्कळ दिवसांनी त्या यंत्रासमोर मी हसत होतो.

तिच्याच दुसऱ्या पत्रात आणखी एक गोष्ट होती, ती शिक्षकांना उपयोगी आहे म्हणून सांगतो. हा आडवा र युनिकोडात दोन निरनिराळ्या पद्धतींनी साठवता येतो. एकीत त्यासाठी खाली टिंब दिलेला खास 'ऱ' वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. त्यामुळे 'किनाऱ्यावर' हा शब्द शोधायला सांगितला तर कागदात डोळ्यांसमोर असूनही तो "सापडत नाही" म्हणतो. 'ॲ'चेही तसेच, त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली, आणि त्याआधीच्या कागदांत तो 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. आपल्या विद्यार्थ्याचे नाव यादीत असूनही संगणकाला मिळत नसेल तर आधी ह्याचा संशय घ्यावा.

तिला मी लगेच चाव्या दिल्या नाहीत. तिनेही मागितल्या नाहीत. सव्वा वर्ष आम्ही बरोबर काम केले. ती दुरुस्ती पाठवी, मी तपासून घेई. पुढे मी दुरुस्ती करी आणि ती तपासी. माझ्या किती चुका तिला सापडल्या ते सांगत नाही. ती दोनदा डहाणू रोडला आली, तिचे वडील बरोबर होते, आमच्याकडे जेवली. एकदा मी तलासरीला त्यांच्या घरी जाऊन आलो. मग तिला विचारले. तिने दोन दिवस मागून घेतले आणि होकाराबरोबर अटी कळवल्या. रात्री नऊनंतर कोणाला उत्तर नाही. फोन नाही, फक्त लेखी. नवी मागणी आली तर आधी करणाराने नमुना द्यावा. आणि तिला नोकरीमुळे जमेनासे झाले तर ती तसे स्पष्ट सांगेल आणि सोडेल. मी तिला गळ घालायची नाही.

मी त्या अटी पुन्हा पुन्हा वाचल्या. रात्री नऊनंतर उत्तर नाही, असे म्हणता येते, हे मला बारा वर्षांत सुचले नव्हते. वाटे, लोक काय म्हणतील. नियम लावून सहा महिने झाले तेव्हा एका गृहस्थांनी थोडी नापसंती कळवली. बाकी कोणी काही म्हटले नाही.

शेवटच्या अटीचा मात्र मला त्रास होतो. ती सोडेल तेव्हा मी असेन की नाही, असलो तर डोळे असतील की नाही, हे सांगता येत नाही. म्हणून आम्ही तिसरा माणूस शोधीत आहोत. संगणक फार यायला हवा असे नाही. शुद्धलेखन पक्के असलेला, जुने फॉन्ट ओळखणारा, आठवड्याला दोन तास देणारा एखादा शिक्षक वा शिक्षिका मिळाली तरी पत्रांचे अर्धे काम हलके होईल. पत्रांतल्या बहुतेक शंका प्रोग्रामच्या नसतात, मराठीच्या असतात.

आणि जे वापरतात त्यांना एवढे सांगणे. काही अडले तर लिहिताना लिब्रेऑफिसची आवृत्ती कोणती, जुना फॉन्ट कोणता, आणि बिघडलेल्या चार-पाच ओळी एवढे पाठवावे. अख्खी शाळेची यादी पाठवू नये, मुलांची नावे बाहेर जाऊ देऊ नयेत. मूळ कागदाची प्रत ठेवूनच रूपांतर करावे. पिवळ्या रंगाचा शब्द दिसला तर तो स्वतः वाचावा, रंग घालवण्यासाठी सरसकट बटण दाबू नये. सही-शिक्क्याआधी नावे एकदा मोठ्याने वाचावीत. उत्तर यायला पंधरा दिवस लागतील, परीक्षेच्या दिवसांत महिना. उत्तर कधी माझे येईल, कधी तिचे. तिच्या उत्तरात माझे काही चुकल्याचे लिहिलेले असले, तर तेच बरोबर समजावे.